छत्तिसावा मजला आणि देवनहळ्ळीचे हत्ती

के. आर. पुरम, बेंगळुरू
११ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चामराजपेटहून इथे यायला टपालाला दोन दिवस लागले, म्हणजे माझ्या टॅक्सीपेक्षा थोडेसेच जास्त. ऐकायचं यंत्र तू पुन्हा कपाटात ठेवून दिलंस असं यशोवर्धनने कळवलं. तुझा मुलगा तुझ्यापुढे हरला, तिथे मी काय बोलणार? फोनवर ओरडून घसा बसवण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

परवा, रविवारी, आमच्या चित्रमंडळाचा नोव्हेंबरचा सिनेमा झाला. सोसायटीच्या सभागृहात पडदा लावला, खुर्च्या कमी पडल्या. ‘छत्तिसावा मजला’ नावाचा नवा सिनेमा आहे, मोठ्या पैशांच्या जगातला. मुंबईत काचेच्या इमारतीत छत्तिसाव्या मजल्यावर एक कंपनी असते. लोकांची बचत घेऊन ती मोठमोठ्या उद्योगांना पुरवते. आतून ती पोकळ झालेली आहे आणि हे चार-पाच जणांनाच माहीत आहे. एक परदेशी कंपनी तिला विकत घेणार असते. त्यासाठी सगळं ठीकठाक असल्याच्या कागदावर तीन सह्या लागतात. दोन होतात. तिसरी करायची असते शंतनु नावाच्या अधिकाऱ्याने, ज्याचं कामच मुळी धोका ओळखण्याचं. गिरीराज नावाचा त्याचा साहेब त्याला सिनेमाभर समजावतो, धमकावतो, जेवायला नेतो. शेवटी शंतनु पेनाचं टोपण काढतो आणि पडद्यावर अंधार. सही केली की नाही, दाखवतच नाहीत.

मग काय, चर्चेला रंग चढला. आमचे विठोजीराव बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले की उभ्या नोकरीत त्यांनी इतकं रिकामं टेबल असलेला अधिकारी पाहिला नाही, तेव्हा सिनेमा खोटा. शेजारच्या कृष्णमूर्तींना मराठी समजतं आणि आमचा फराळ त्याहून जास्त समजतो. त्यांचं म्हणणं, शंतनुने सिनेमाभर एकदाही धड जेवण केलं नाही, साहेबाने हॉटेलात नेलं तिथेही नुसतं पाणी प्यायला. उपाशी माणसाने सही करूही नये आणि नाकारूही नये. यशश्री नावाची एक तरुण मुलगी येते, तिने विचारलं की याच्या बायकोला कुणी काही विचारलं का, घराचे निम्मे हप्ते तर तीच भरते. टाळ्या पडल्या.

पण खरं सांगू? रविवारची सभा मी जिंकली. सहीच्या बाजूने उभा राहिलो. म्हटलं, या माणसाला घर आहे, म्हातारी आई आहे. त्याच्या हाताखाली शेकडो माणसं आहेत, त्याने नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर येतील. तो सही करणार नसेल तर दुसरा कोणीतरी करील, मग याच्या नकाराने काय साधलं? आत राहून चार गोष्टी सुधारता येतात, बाहेर उभं राहून फक्त स्वतःचा सदरा पांढरा ठेवता येतो. अक्का, टाळ्या थांबेनात. विठोजीरावांनी येऊन हात हातात घेतला.

आमची गौरीही आली होती, पहिल्यांदाच. पुण्याहून इथे बदलून आल्याला वर्ष झालं, पण मंडळात यायला तिला वेळ मिळत नव्हता. परवाही बसमध्ये अडकली, सिनेमा संपल्यावर पोहोचली, मागच्या रांगेत बसली. म्हणाली की सिनेमा तिने आधीच पाहिला आहे, मतं ऐकायला आली आहे. माझं भाषण तेवढं ऐकलं आणि डोकं दुखतंय म्हणून साबुदाणावडा न खाताच गेली. हल्ली ती फार काम करते.

तुझ्या गुडघ्याचं कळव. लोभ आहेच, तो सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकवून ठेवू नकोस.

तुझा
उमाकांत


बेंगळुरू
१३ नोव्हेंबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितेय म्हणजे तुला आश्चर्य वाटेल. माझी रूममेट चंदना तर पाकीट बघून हसायलाच लागली. पण हे कुणाला तरी सांगायचं आहे, आणि फोनवर तुला ऐकू जायचं नाही आणि सगळ्या चामराजपेटला जाईल.

बाबांना सांगू नकोस, ही पहिली अट.

मी ज्या कंपनीत आहे ती लोकांचे पैसे गुंतवते. बरेचसे लोक निवृत्त आहेत. आमच्या एका फंडाने देवनहळ्ळीजवळच्या एका लेआउटला, म्हणजे घरांच्या नव्या वसाहतीला, कर्ज दिलं आहे. तिथे घरं बांधायला घेतली आहेत, असं कागदावर. दर वर्षी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहायचं आणि लिहून द्यायचं की काम किती झालं. यंदा ते काम माझ्याकडे आलं. मागच्या वर्षांचे सगळे अहवाल छान होते, फोटोसकट. खरं तर ऑफिसातून कुणी जातच नाही, बिल्डर फोटो पाठवतो. मी बाबांची मुलगी, म्हणून गेले. विमानतळाच्या बसने गेले, पुढे रिक्षा केली.

आत्या, तिथे एक मोठी कमान आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन हत्ती, सोंडा वर केलेले, नवा रंग दिलेला. आणि कमानीच्या आत नाचणी उभी आहे. कापणीला आलेली. एक बाई शेतात होती, तिला मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं की घरं कुठे आहेत. तिने मला किल्ल्याकडचा रस्ता दाखवला, तिला वाटलं मी गावातलं घर शोधतेय.

माझे साहेब, प्रणीत, वाईट नाहीत. आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले की मार्चपर्यंत काम सुरू होणारच आहे, फक्त तारखा मागेपुढे झाल्यात. अहवालात निम्म्याहून जास्त बांधकाम झालं असं लिहिलेलं आहे, मी प्रत्यक्ष पाहिलं म्हणून खाली सही करायची. नाही केली तर फंडाला तोटा दाखवावा लागेल, लोक पैसे काढायला धावतील आणि आमची अख्खी टीम घरी जाईल. महिनाअखेरपर्यंत सही हवी आहे.

‘छत्तिसावा मजला’ मी चंदनाबरोबर आधीच पाहिला होता, रडू आलं होतं. बाबांच्या मंडळात तोच सिनेमा आहे असं कळलं तेव्हा ठरवलं की जायचं, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, आणि परत जाताना बाबांना सगळं सांगायचं. मला वाटलं होतं बाबा काय म्हणतील ते मला माहीतच आहे. विमानाच्या कारखान्यात ते निरीक्षण विभागात होते ना? लहानपणी किती वेळा ऐकलंय की प्रत्येक निरीक्षकाचा शिक्का वेगळ्या नंबरचा असतो, भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही आणि आपला शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. शाळेत मी तपासून न घेता गणिताची वही दिली तरी ते विचारायचे की शिक्का मारलास का.

ते बाबा उभे राहिले आणि म्हणाले की सही करावी. इतकं सुंदर बोलले आत्या, लोक माना डोलवत होते. प्रणीत साहेबांचा प्रत्येक मुद्दा त्यात होता, फक्त मराठीत. मी तिथे बसूच शकले नाही. त्यांना विचारायचं काहीच उरलं नाही. शिक्क्याच्या त्या गोष्टी लहान मुलांना सांगायच्याच गोष्टी होत्या का?

तेव्हापासून मी त्यांचा फोन घेतलेला नाही, कामात आहे असा मेसेज टाकते. तू काही उपाय सांगू नकोस, नुसतं वाच. तेवढंही पुष्कळ होईल.

तुझी माया अशीच माझ्या बाजूला राहू दे.

गौरी


चामराजपेट
१७ नोव्हेंबर

चि. गौरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वाचलं. दोनदा वाचलं. उपाय सांगू नकोस म्हणतेस, सरी, बरं, नाही सांगत. सही कर किंवा करू नको हे मी सांगणार नाही. तुमच्या फंडातलं मला कळत नाही. पण नाचणी आणि घर यांतला फरक मला कळतो आणि तुलाही कळला आहे, एवढं लिहून ठेवते.

तुझ्या बाबाला सांगणार नाही. शब्द म्हणजे शब्द. मात्र त्याच्या सिनेमाच्या भाषणाबद्दल त्याने मलाही फुशारकीचं पत्र पाठवलं आहे, आणि त्याला उत्तर द्यायला मला तुझी परवानगी नको. लहानपणी त्याला मी अंघोळ घातली आहे. आता स्वल्प कान धुवायची वेळ आली आहे.

नीट जेव. बसवनगुडीला शेंगांची जत्रा लागली आहे. तुझ्यासाठी दोन पिशव्या घेऊन ठेवल्यात. येशील तेव्हा ने, नाही आलीस तर यशोवर्धन खाऊन टाकील आणि मग पोट दुखतं म्हणून माझ्याकडे येईल. नोकरी असो नसो, या घराच्या दाराला आतून कडी लावलेली नसते, दुपारी दोन ते चार सोडून.

आत्याला आठवत राहा.

मालनआत्या


चामराजपेट
१७ नोव्हेंबर

चि. उमाकांतास,
आशीर्वाद. आज ते थोडे आखडते आहेत.

तुझं भाषण वाचलं. टाळ्या मिळाल्या, हात हातात घेतले गेले, वाहवा झाली. आता माझं मत ऐक. सिनेमा मी पाहिलेला नाही, पण सिनेमाविषयी मत द्यायला तो पाहावा लागतो असं तुमच्या मंडळातही कुणी मानत नसावं.

मला एवढंच विचारायचं आहे की हा उमाकांत कोण? माझ्या माहितीतला उमाकांत माझ्या लग्नानंतर माझ्या मागोमाग बेंगळुरूला आला, आमच्याच माडीवर राहिला, आणि कारखान्यातून रोज साहेबांशी भांडून यायचा. एका भागावर शिक्का मारला नाही म्हणून त्याची बढती अडली होती. तुझ्या भावोजींनी तुला तेव्हा समजावलं होतं की अण्णा, स्वल्प नमतं घे. तू दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतास. माझ्या सासरचे लोक हसायचे की हा पुणेरी पाहुणा स्वतः जेवणार नाही आणि आम्हालाही जेवू देणार नाही. मला मात्र मनातून फार अभिमान वाटायचा.

आणि आता तू सभेत सांगतोस की सही करून टाकावी, कारण दुसरा कोणीतरी करीलच? पांढरा सदरा म्हणून त्या माणसाची थट्टा करतोस? गौरीची आई, आपली प्रतिमा, आज असती तर तिने तुला फराळ न देता घरी पाठवलं असतं.

तू म्हणशील अक्का एका सिनेमावरून इतकी का चिडली. चिडले आहे, एवढं खरं. बोलणाऱ्याला वाटतं की आपण सभेशी बोलतोय. ऐकायला कोण बसलंय आणि ते काय घेऊन घरी गेलं, हे त्याला कुठे कळतं?

गुडघा आहे तसाच आहे. राग उतरला की लोभ पूर्ववत होईल, तोवर आहे त्यावर भागव.

मालन


के. आर. पुरम
२० नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न., आणि सोबत जोरदार तक्रार.

अगं, ती चिठ्ठी होती! माझं मत नव्हतंच ते. मी समजून चाललो की तुला हे माहीत आहे. सगळ्या मंडळाला माहीत आहे, म्हणून कुणाला सांगायचं सुचतच नाही.

मंडळ प्रतिमाने सुरू केलं. पहिल्या वर्षी काय व्हायचं की सिनेमा संपला की मी बोलायचो, मग विठोजीराव बोलायचे, मग आम्ही भांडायचो आणि बाकीचे हळूच चपला शोधायचे. तेव्हा प्रतिमाने ही पद्धत पाडली. सिनेमात एखादा पेच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या करायच्या. चहाच्या आधी तिचा सुपारीचा डबा फिरवायचा. ज्याच्या हाताला जी बाजू लागेल ती त्याने मनापासून मांडायची, मग स्वतःला पटो न पटो. ज्यांना नुसतंच मत द्यायचं असेल त्यांनी डब्यात हात घालायचा नाही. तिचं म्हणणं होतं की माणसाला दुसऱ्याच्या बाजूने एकदा तरी उभं राहता आलं पाहिजे, विशेषतः मला. ती गेल्याला तीन वर्षं झाली, पण डबा आहे, आणि चिठ्ठ्यांना अजून लवंगेचा वास येतो.

त्या रविवारी माझ्या चिठ्ठीवर ‘सही करावी’ असं आलं. मी मांडलं. चांगलं मांडलं, हा माझा गुन्हा? शंतनुने सही करावी असं मला वाटतं असं तू धरून चाललीस याचंच मला वाईट वाटलं. सभागृहात तर कुणाचाच गैरसमज झाला नाही. सगळ्यांनी डबा फिरताना—

अक्का, इथे माझा हात थांबला. मधे चहा करून आलो.

गौरी आली तेव्हा डबा फिरून झाला होता.

ती कधी मंडळाला आलेली नाही. प्रतिमा असताना ती पुण्याला होती. तिला चिठ्ठीचं काही माहीत असण्याचं कारण नाही. ती मागे बसली होती, आणि मी बोलताना एकदा तिच्याकडे पाहिलंही, तर ती खाली बघत होती. मला वाटलं फोन बघतेय. त्या दिवसापासून तिने माझा फोन घेतलेला नाही. कामात आहे म्हणते.

तू उगीच चिडणारी नाहीस. ऐकायला कोण बसलंय म्हणून जे लिहिलंस ते पुन्हा वाचलं. तिने तुला काही लिहिलंय का? तिच्या ऑफिसात काही आहे का? तीही अशाच कंपनीत आहे. काचेच्या इमारतीतल्या. मजला कितवा ते मी कधी विचारलं नाही.

तुझ्या उत्तराची टपालपेटीशी वाट पाहत,

उमाकांत


चामराजपेट
२४ नोव्हेंबर

चि. उमाकांतास,
आशीर्वाद, या वेळी पूर्ण मापाचे.

चिठ्ठीचं कळलं. मी चिडले ते मागे घेते. प्रतिमा हुशार होती, पण तुम्ही दारावर एक पाटी लावायला हवी होती.

मी कुणाला तरी शब्द दिला आहे, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यातून तुला जे समजायचं ते समज. तुझी चिठ्ठीची गोष्टही मी परस्पर कुणाला कळवणार नाही. ती तुझी तू सांग.

एक काम कर. तो सुपारीचा डबा कपाटात ठेव आणि या सिनेमावर तुझं खरं मत काय ते गौरीला लिही. फोन करू नकोस. फोनवर तू तिला जेवलीस का आणि पाऊस आहे का याच्या पुढे काही विचारत नाहीस. कागदावर लिही, आणि लवकर लिही. महिना संपत आला. तिला पाठवायचं पत्र यशोवर्धनच्या हाती दे, तो उद्या हे पत्र घेऊन तुझ्याकडे येणार आहे, परतताना तिच्या दारात देईल. टपालावर सोडू नकोस.

लोभ पूर्ववत झाला आहे.

मालन


के. आर. पुरम
२५ नोव्हेंबर

चि. गौरीस,
बाबाचे आशीर्वाद.

तुला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. पुण्याला होतीस तेव्हा आई लिहायची आणि मी खाली सही करायचो. ती सही मात्र मी वाचून करायचो.

‘छत्तिसावा मजला’ बद्दल माझं मत तुला द्यायचं राहिलं. तू ऐकलंस ते माझं नव्हतं. आमच्याकडे आईने सुरू केलेली रीत आहे, डब्यातून चिठ्ठी काढायची आणि जी बाजू येईल तिच्या वतीने बोलायचं. माझ्या हाताला ‘सही करावी’ आली. तू आलीस तेव्हा ते होऊन गेलं होतं, आणि तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं.

माझं मत असं की शंतनुने सही करू नये. ज्याने पाहिलं त्याचीच सही. न पाहिलेल्यावर किंवा पाहिल्याच्या उलट सही करायची असेल तर मग त्या खुर्चीवर माणूस कशाला बसवायचा? हे मी नोकरीभर मानत आलो आणि आजही मानतो. गिरीराजचा राग मला आला नाही. तो विकायला बसला आहे, तो विकणारच. पण शंतनुला पगार मिळतो तो असं काही थांबवण्यासाठी.

इथवर लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग ते अर्धंच झालं असतं.

त्या दिवशी चिठ्ठी उघडली तेव्हा मला वाटलं होतं की बोलायला जड जाईल. गेलं नाही. घर, आई, हाताखालची माणसं, सगळं आपोआप येत गेलं. दोन-तीन दिवस विचार करतोय की इतकं सहज कसं आलं. गौरी, तू हल्ली थकलेली दिसतेस, घरी येतेस तेव्हा बोलत नाहीस. मला वाटतं की बोलताना शंतनुच्या खुर्चीवर मी तुलाच बसवलं होतं. तुझं काही बिघडू नये, तुला कुणी काही करू नये, एवढंच मला हवं होतं. मी स्वतः त्या खुर्चीवर असतो तर सही केली नसती. तू असताना मात्र करून टाक म्हणायला माझी जीभ कचरली नाही. तो निरीक्षक बोलत नव्हता, घाबरलेला बाप बोलत होता. म्हणून भाषण चांगलं झालं असणार. दोन्ही मतं माझीच आहेत, आणि तू दोन्ही वाचावीस असं वाटलं. पण विचारशील तर पहिलं धर.

तुझ्या टेबलावर काय आहे ते मला माहीत नाही. आत्याने काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. मागच्या खोलीत मंडळाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्या आज सकाळी विठोजीरावांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. पलंग पुसून घेतला आहे. लगेच ये असं म्हणत नाही. खोली मोकळी आहे एवढं कळवतो.

माझ्यावरचा तुझा विश्वास थोडाफार शिल्लक असेल तर तो जपून ठेव, मी भर घालीन.

बाबा


बेंगळुरू
२७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

यशोवर्धनदादाने तुमचं पत्र परवा दारात आणून दिलं आणि शेंगांच्या दोन पिशव्याही. मी दारातच उभी राहून वाचलं. चंदनाला वाटलं कुणीतरी गेलं.

माझ्या टेबलावर काय होतं ते आधी सांगते. देवनहळ्ळीजवळ बांधलेल्या घरांच्या पाहणीचा अहवाल होता. घरं नाहीत. मी जाऊन आले, तिथे एक कमान आहे, दोन सिमेंटचे हत्ती आहेत आणि आत नाचणी आहे. घरं आहेत अशी सही करायची होती.

नाही केली. सोमवारी, म्हणजे तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी, प्रणीत साहेबांना सांगून आले. जे पाहिलं ते लिहिलेला दुसरा अहवाल दिला, त्याच्या खाली सही केली, आणि त्याची एक प्रत त्यांच्या वरच्या समितीलाही पाठवली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की उद्यापासून यायची गरज नाही. मी मंगळवारी घरीच होते, म्हणून दादाला दारात भेटले. टीममधल्या लोकांचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्यांतल्या दोघांनी मेसेज केला, बाकीच्यांनी नाही केला.

आता तुमच्या भाषणाबद्दल. बाबा, मी नाही म्हणाले ते त्या भाषणामुळे. तुमच्यावर इतकी रागावले होते की ते मला जवळजवळ पाठ झालं होतं. बसमध्ये, अंघोळीला, सगळीकडे ते डोक्यात चालू. मग लक्षात आलं की त्यात घर आहे, म्हातारी आई आहे, शेकडो माणसं आहेत, पण तो कागद खरा आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. एवढं चांगलं बोलणाऱ्या माणसालाही ते म्हणता आलं नाही, म्हणजे ते म्हणण्यासारखं नाहीच. प्रणीत साहेबांकडेही ते नव्हतं. तुमचं मत माझ्या विरुद्ध आहे असं समजत असूनही मी नाही म्हणाले. मी चुकीचं समजले होते हे आता कळलं, आणि ते वाचून खूप रडले, पण सोमवारी माझ्या बाजूला तुम्ही नव्हता. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, दोष द्यायला नाही, सांगायला.

दुसरं मत वाचून राग आला नाही. ते मला आधीपासून माहीत होतं असं वाटलं. लहानपणी ताप आला की तुम्ही थर्मामीटर तीन-तीनदा लावायचात, तेव्हाही निरीक्षक कोण आणि बाप कोण ते कळायचं नाही.

खोलीचं बघू. इथलं भाडं भरलेलं आहे, आणि चंदनाच्या ओळखीने एका ठिकाणी मुलाखत आहे. डिसेंबरच्या सिनेमाला मी वेळेवर येईन आणि डब्यात हात घालीन. आईने घडी घातलेली एखादी चिठ्ठी अजून असली तर ती मला हवी आहे.

त्याआधी एक काम आहे. सोमवारपासून मला मधूनच शंका येते. सगळ्यांचे अहवाल, इतक्या वर्षांचे फोटो, आणि मी एकटीच म्हणते की तिथे काही नाही. मी चुकीच्या रस्त्याने तर गेले नसेन? कमानीच्या पलीकडे एक चढ आहे, त्याच्या मागे काही असेल आणि मला दिसलं नसेल, असं उगीच वाटत राहतं. म्हणून या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर देवनहळ्ळीला चला. बस मिळते, पुढे रिक्षा करू, आत्याच्या शेंगा बरोबर घेऊ. मी तुम्हाला आधी काही दाखवणार नाही. तुम्ही चढापर्यंत चालत जा, तुमच्या पद्धतीने सगळं बघून या, आणि मी बरोबर पाहिलं का ते मला सांगा.

कमानीपाशी, हत्तींजवळ, मी थांबते.

तुमची
गौरी